बिऱ्हाड हलले; गाव लाभले काय?

वार्षिक परीक्षा आटोपून मे महिन्याची सुटी लागली, की मुंबईच्या जुन्या वस्त्यांतून संसाराने भरलेले टेम्पो बाहेर पडू लागतात. लोखंडी कपाट, गुंडाळलेल्या गाद्या, देवघर, शिवणयंत्र आणि सर्वांवर बांधलेली तुळशीची कुंडी असा तो सरंजाम असतो. चाळीतील शेजारी जिन्यापर्यंत निरोप द्यायला येतात, ‘येत जा अधूनमधून’ असे म्हणतात, आणि टेम्पो ठाणे व कल्याण ओलांडून बदलापूर, वांगणी, नेरळ किंवा कर्जतच्या वाटेला लागतो. हे दृश्य इतके नित्याचे झाले आहे, की त्याविषयी विचार करावा असे कोणास वाटत नाही. एका कुटुंबाने एक खोली सोडून दोन खोल्या घेतल्या, एवढाच त्याचा अर्थ समजला जातो.

वस्तुतः हा व्यवहार केवळ घरगुती नाही. मोठे शहर सोडून जवळच्या लहान गावी राहायला जाणारा माणूस आपली नोकरी शहरात ठेवतो, झोप गावात ठेवतो आणि उरलेले आयुष्य या दोहोंमधील रुळांवर ठेवतो. त्याच्या जाण्याने शहराचे काही घटते, गावाचे काही बदलते आणि त्याचे स्वतःचेही काही हरवते. घेणारा, देणारा आणि सरकार अशा तिघांनीही या व्यवहाराचा जमाखर्च कधी मांडलेला नाही. तो मांडणे आता अगत्याचे झाले आहे.

ही वाट नवी नव्हे

मुंबईकरांची ही उत्तरेकडची आणि पूर्वेकडची वाटचाल काल-परवाची नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली आगगाडी धावली, दुसऱ्याच वर्षी रूळ कल्याणपर्यंत पोहोचले, आणि तेव्हापासून शहराच्या सीमा गाडीच्या पाठोपाठ सरकत आल्या आहेत. गिरगाव-ठाकुरद्वारचा मध्यमवर्ग आधी दादर-माटुंग्याला गेला, मग विलेपार्ले-मुलुंडला. स्वातंत्र्यानंतरच्या दोन-तीन दशकांत त्याने डोंबिवली गाठली. आता डोंबिवलीतही जागा परवडेनाशी झाल्यावर त्याची पुढची पिढी अंबरनाथ, बदलापूर आणि त्याही पलीकडे निघाली आहे.

हे स्थलांतर हौसेचे नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४०च्या पातळीवर गोठवली. गरीब भाडेकरूचे रक्षण हा त्यामागील हेतू स्तुत्य होता. परंतु परिणाम असा झाला, की मालकांनी दुरुस्ती सोडली, भाड्याने देण्यासाठी नवी चाळ बांधणे कोणालाच परवडेना, आणि नोकरदाराला पागडी किंवा मालकीचे घर एवढेच दोन पर्याय उरले. पुढे १९९९चा नवा कायदा आला, तोवर ज्यांना शहर सोडायचे होते त्यांतील पुष्कळांनी ते सोडले होते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपाने गिरणगावाचा कणा मोडला, आणि कालांतराने गिरण्यांच्या जागी जे मनोरे उभे राहिले त्यांतील एखादी खोलीही गिरणी कामगाराच्या किंवा शाळामास्तराच्या आवाक्यातली नव्हती.

जनगणनेचे आकडे याची साक्ष देतात. मुंबई शहर जिल्ह्याची, म्हणजे कुलाबा ते माहीम-शीव या मूळ बेटाची, लोकसंख्या २००१ साली सुमारे ३३ लाख ३८ हजार होती. २०११ साली ती ३० लाख ८५ हजारांवर आली. त्याच दहा वर्षांत ठाणे जिल्हा ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला आणि देशातील सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा ठरला. २०१४ साली त्याचे विभाजन करून पालघर जिल्हा वेगळा करावा लागला. कुळगाव-बदलापूरची वस्ती २००१ साली सुमारे ९८ हजार होती, ती २०११ साली १ लाख ७४ हजार झाली. त्यानंतर २०२१ साली व्हायची जनगणना वेळेवर झालीच नाही. म्हणजे गाव झपाट्याने वाढत असता त्याच्या नियोजनास आधार जुन्या शिरगणतीचाच राहिला. वाढत्या मुलाला दहा वर्षांपूर्वीच्या मापाचा सदरा शिवावा, तसाच हा प्रकार होय.

जमेची बाजू

बदलापूर किंवा कर्जत येथे जाणाऱ्याच्या पदरात काहीच पडत नाही असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. दहा बाय बाराच्या खोलीत आईवडील, दोन मुले आणि एखादा पाहुणा अशी ज्यांची वर्षे गेली, त्यांना स्वतंत्र स्वयंपाकघराचे आणि दार लावून अभ्यास करता येईल अशा कोपऱ्याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. खिडकीतून माथेरानची डोंगररांग दिसते. पावसाळ्यात उल्हास नदी दुथडी भरून वाहते. भाजीवाली आसपासच्या पाड्यावरून आलेली असते आणि तिच्या टोपलीत शेवळे, टाकळा, करटुली अशा रानभाज्या असतात. रात्री अकरानंतर रस्ता निजतो. मुंबईत जन्म काढलेल्या माणसाला अंधार म्हणजे काय आणि शांतता म्हणजे काय, हे येथे प्रथमच कळते. वृद्ध आईवडिलांना अंगणात खुर्ची टाकून बसता येते. ही सुखे लहान आहेत, पण ती खोटी नाहीत, आणि ती मिळवण्यासाठी कर्ज काढणाऱ्याला कोणी नावे ठेवू नयेत.

प्रश्न असा आहे, की या सुखांचा उपभोग घेण्यास तो माणूस घरी असतो केव्हा?

तासांचा हिशेब

बदलापूर ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर सुमारे ६८ किलोमीटरांचे आहे, कर्जत सुमारे १०० किलोमीटरांवर आहे. बदलापूरहून गाडीतला प्रवास दीड तासाचा धरला, आणि घरापासून स्थानक, स्थानकापासून कचेरी व गाडीची वाट पाहणे हे त्यात मिळवले, तर जाण्यायेण्याचे चार तास सहज होतात. वर्षाला कामाचे २५० दिवस धरले तरी हे हजार तास झाले. आठ तासांचा कामाचा दिवस मानला तर ते १२५ दिवस होतात. म्हणजे हा कारकून किंवा शिक्षक वर्षभर नोकरी करतो ती दीडपट करतो. त्यातील एक पट पगारी आणि अर्धी पट बिनपगारी. तीस वर्षांच्या नोकरीत हे तीस हजार तास होतात, म्हणजे अहोरात्र मोजली तर सुमारे साडेतीन वर्षे. एवढी वर्षे माणूस गाडीच्या दांडीला लटकून घालवतो.

घराचे कर्ज फेडताना बँकेचे व्याज सर्वांना दिसते. हे व्याज कोणत्याही पासबुकात दिसत नाही. ते मुलाच्या न ऐकलेल्या पाढ्यांत, न वाचलेल्या पुस्तकांत, न केलेल्या व्यायामात आणि चाळिशीतच धरलेल्या पाठीत भरले जाते. नोकरी करणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत तर हे व्याज चक्रवाढ असते. ती पहाटे साडेचारला उठते, डबे भरते, गाडीत बसायला मिळाले तर संध्याकाळची भाजी निवडते आणि परतल्यावर पुन्हा चुलीपुढे उभी राहते. गाडीतल्या मैत्रिणींचे डोहाळजेवण आणि हळदीकुंकू यांचे आपण कौतुकाने वर्णन करतो. पण जे समारंभ घरी व्हावयाचे ते डब्यात का होतात, याचा विचार करीत नाही. घरी त्यांना वेळच नसतो, हे त्याचे साधे उत्तर आहे.

शिवाय हा प्रवास जिवावरचा आहे. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दोन गर्दीच्या लोकल एकमेकींजवळून जात असता दारातील प्रवासी खाली पडले आणि त्यांतील काहींना प्राण गमवावे लागले. चार दिवस हळहळ झाली. त्यानंतर त्याच गाड्या, तशाच भरून, त्याच वळणावरून धावू लागल्या. कल्याण ते बदलापूर तिसऱ्या व चौथ्या मार्गिकेला मंजुरी मिळाली ती २०१९ साली, म्हणजे गाव फुगून कित्येक वर्षे लोटल्यावर. आधी माणसे जातात, मग इमारती उभ्या राहतात, आणि सर्वांत शेवटी रूळ, पाणी व गटारे यांचा विचार होतो. हा क्रम डोंबिवलीत दिसला, बदलापुरात दिसला, आणि नेरळ-कर्जतलाही तोच दिसू लागला आहे.

गावाने काय सोसले

येणाऱ्याची बाजू मांडताना, ज्या गावात तो येतो त्याची बाजू विसरता येत नाही. बदलापूरचा परिसर पूर्वी भातशेतीचा. आगरी, कुणबी, ठाकूर, कातकरी यांची ही वस्ती. खाचरांच्या जागी इमारती आल्या. ज्यांच्या नावावर जमीन होती त्यांच्या हाती एकदाच मोठी रक्कम आली. ज्यांच्या नावावर काहीच नव्हते, त्या कातकऱ्यांच्या हाती काही आले नाही, आणि त्यांची मजुरीची शेते मात्र गेली. नव्या वसाहतींना जी नावे दिली गेली त्यांत गावाच्या ओढ्याचे, माळाचे किंवा देवाचे नाव सहसा आढळत नाही. गावाला आपलेच नकाशे परके वाटू लागले.

पाण्याची गोष्ट तर याहून बोलकी आहे. मुंबईची तहान भागवणारी तानसा व भातसा ही धरणे ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यात आहेत, आणि त्याच तालुक्यातील कित्येक गावपाड्यांना उन्हाळ्यात टँकरकडे डोळे लावून बसावे लागते. बदलापूरजवळच्या बारवी धरणाचे पाणी कारखान्यांना आणि आसपासच्या महानगरांना जाते. त्याची उंची वाढवली तेव्हा गावे उठली ती इथली. मुंबईतून निघून या भागात राहायला आलेला माणूस अशा रीतीने नळाच्या दुसऱ्या टोकाला येऊन पोहोचतो. कालपर्यंत ज्या पाण्याबद्दल त्याने कधी प्रश्न विचारला नव्हता, त्याच पाण्यासाठी आता तो सोसायटीच्या टाकीत डोकावून पाहतो.

नदीचेही तसेच. २६ जुलै २००५च्या महापुरात मुंबईच्या मिठी नदीची चर्चा देशभर झाली. त्याच दिवशी उल्हास नदीने बदलापूर-कल्याण परिसरात जो हाहाकार केला, त्याची चर्चा त्या मानाने फारच थोडी झाली. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर व वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि हजाराच्या आसपास उतारूंना होड्यांतून व हेलिकॉप्टरांच्या साहाय्याने सोडवावे लागले. चौदा वर्षांच्या अंतराने नदीने दोनदा आपली हद्द दाखवून दिली. नदीकाठचे सखल रान हे तिचे रिकामे अंगण असते. त्या अंगणात आपण बिऱ्हाडे थाटली आणि पूर आल्यावर दैवाला बोल लावला. स्वस्त घर पुष्कळदा स्वस्त का असते, याचे उत्तर पावसाळ्यात मिळते.

दिवसा रिकामे होणारे गाव

तथापि सर्वांत मोठी हानी डोळ्यांना दिसत नाही. ती नागरिकत्वाची आहे. सकाळी सातपर्यंत गावातील कर्ती माणसे निघून जातात आणि रात्री आठ-नऊला परततात. नगरपालिका, तलाठी कार्यालय, शाळेची पालकसभा, सरकारी दवाखाना हे सारे ज्या वेळात चालते त्या वेळात गावचा सुशिक्षित वर्ग भायखळा किंवा फोर्टात असतो. त्याला मुंबईच्या महापालिकेतील भानगडी तोंडपाठ असतात, कारण त्याचे वर्तमानपत्र त्याला त्या सांगते. आपल्या प्रभागाचा नगरसेवक कोण, हे त्यास ठाऊक नसते. पुष्कळांचे मतदारयादीतील नावही वर्षानुवर्षे जुन्याच पत्त्यावर राहते. १९९२च्या ७४व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना घटनात्मक स्थान दिले आणि मुदतीत निवडणुका घेणे बंधनकारक केले. असे असूनही २०२०नंतर महाराष्ट्रातील अनेक नगरपालिका कित्येक वर्षे लोकनियुक्त सभागृहावाचून प्रशासकांच्या हाती राहिल्या. याविरुद्ध जो रोष दिसावयास हवा होता तो दिसला नाही. ज्या गावात माणूस फक्त झोपतो, त्याच्या कारभाराविषयी त्याने जागे राहावे तरी कसे?

२० ऑगस्ट २०२४ रोजी बदलापुरात जे घडले ते या संदर्भात आठवावे. एका शाळेतील चिमुकल्या मुलींवर झालेल्या अत्याचाराने संतापलेले हजारो नागरिक रुळांवर उतरले आणि कित्येक तास गाड्या बंद पडल्या. त्या संतापाचे कारण अत्यंत न्याय्य होते. त्याला मिळालेले वळण कितपत योग्य होते, याविषयी मतभेद होऊ शकतात. परंतु एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. गावाला आपला राग व्यक्त करण्यास नगरपालिकेचे सभागृह आठवले नाही, चावडी आठवली नाही, मैदान आठवले नाही. रेल्वेचे स्थानक तेवढे आठवले. हजारो लोक ज्या एका जागी रोज एकत्र येतात अशी दुसरी जागा त्या गावात उरली नव्हती. ज्या गावाचा चौक फलाट हाच आहे, ते गाव अद्याप पुरतेपणी गाव झालेले नाही.

डोंबिवलीचा धडा

हे असेच घडले पाहिजे असे मात्र नाही. डोंबिवलीचा इतिहास याबाबत पाहण्यासारखा आहे. तेथेही चाकरमाने राहायला आले ते स्वस्त जागेसाठी. तेथेही गाडीला लटकणे आणि पाण्यासाठी भांडणे हाच आरंभीचा नागरी जीवनक्रम होता. परंतु तेथे गेलेल्या पिढीने संसाराबरोबर आपल्या संस्थाही नेल्या. शाळा काढल्या, वाचनालये चालवली, व्याख्यानमाला भरवल्या, नाट्यमंडळे उभी केली. पु. भा. भावे आणि शं. ना. नवरे यांच्यासारखे लेखक तेथे राहिले आणि त्या गावाचे म्हणून ओळखले गेले. गुढीपाडव्याला नववर्ष स्वागतयात्रा काढण्याची जी प्रथा आज महाराष्ट्रभर दिसते, तिचा आरंभ १९९९ साली डोंबिवलीतच झाला. २०१७ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ९०वे अधिवेशन तेथे भरले. डोंबिवलीचे रस्ते आणि गर्दी यांविषयी तक्रारी करण्यास पुष्कळ जागा आहे. परंतु ‘आम्ही डोंबिवलीकर’ असे म्हणताना तेथील माणूस संकोचत नाही. पत्ता सांगणे आणि गाव सांगणे यांतील फरक तो हाच.

लहान गावांना परंपरा नसते, हाही एक शहरी गैरसमज आहे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे आहे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचे. बदलापुरातही श्याम जोशी यांनी ‘ग्रंथसखा’ हे वाचनालय कष्टाने उभे केले आणि दूरदूरचे अभ्यासक त्यासाठी तेथे येऊ लागले. मुंबईहून बदलापुरास नवे राहायला आलेल्या किती शिक्षकांनी आपल्या विद्यार्थ्यांना तेथे नेले, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःला विचारावा. गावात काही नाही असे म्हणणाऱ्याने, आपण गावात काही शोधले का, याचेही उत्तर दिले पाहिजे.

बिछाने हलले, मेजे नाहीत

मात्र सारा उपदेश रहिवाशालाच करणे अन्यायाचे होईल. पहाटे निघून रात्री परतणाऱ्याने वाचनालय केव्हा चालवावे आणि पालकसभेला केव्हा जावे? डोंबिवलीकरांना गाडी तासाभरात पोहोचवीत असे. कर्जतकराला ती तेवढ्यात ठाण्यालाही पोहोचवीत नाही. येथे जबाबदारी राज्यकर्त्यांची येते.

मुंबईवरील भार हलका करावा हा विचार नवा नाही. १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नव्या शहराची कल्पना मांडली. १९७० साली सिडकोची स्थापना झाली. घरांबरोबर कामही खाडीपलीकडे न्यावे आणि त्याचा आरंभ सरकारी कचेऱ्यांपासून व्हावा, हा त्या कल्पनेचा गाभा होता. प्रत्यक्षात काय झाले? घाऊक बाजार हलले. कांदा-बटाटा वाशीला गेला, लोखंड-पोलाद कळंबोलीला गेले. बेलापूरला कोकण भवन उभे राहिले. परंतु मंत्रालय जागचे हलले नाही; उलट त्याच्याच शेजारी समुद्र बुजवून नरिमन पॉइंटच्या इमारती चढत गेल्या. पुढे वांद्रे-कुर्ला संकुल झाले तेही मुंबईतच. कांदा खाडीपलीकडे गेला, पण फाइल गेली नाही. आणि जेथे फाइल तेथे कारकून, हा तर कचेरीचा पहिला नियम आहे. म्हणून बिछाने शंभर किलोमीटर दूर गेले आणि मेजे होती तेथेच राहिली. दोहोंमधील अंतर भरून काढण्याचे काम माणसाच्या पायांवर आणि फुप्फुसांवर सोपवण्यात आले.

मार्च २०२०मध्ये करोनाच्या साथीने लोकल बंद पडली तेव्हा एक अनपेक्षित प्रयोग घडला. मेजावरची पुष्कळ कामे घरी बसून होऊ शकतात, हे तेव्हा दिसून आले. त्याचबरोबर हेही दिसले, की ज्यांची कामे हातांची आहेत, म्हणजे परिचारिका, सफाई कामगार, बेस्टचे वाहक, त्यांना गाडी नसली तरी जावेच लागते आणि त्यांच्या दिवसाचे तास आणखी वाढतात. संकट सरल्यावर हा धडा आपण विसरलो. सर्वांना पुन्हा एकाच वेळी, एकाच दिशेला, एकाच गाडीने बोलावणे सुरू झाले.

यावर उपाय अवघड आहेत, परंतु अज्ञात नाहीत. ज्या शासकीय व निमशासकीय कामांना मंत्रालयाच्या शेजाराची गरज नाही, त्यांच्या कचेऱ्या कल्याण, बदलापूर, पालघर, पनवेल अशा ठिकाणी नेल्या पाहिजेत. जेथे शिक्षकांच्या बदल्या होऊ शकतात तेथे त्या करताना त्यांच्या राहत्या घराचे अंतर हा निकष मानला पाहिजे. दोन शिक्षकांनी परस्परांच्या गावी जाण्यासाठी गाडीत एकमेकांना ओलांडावे, यात कोणाचेही हित नाही. इमारतीस परवानगी देण्यापूर्वी नदीची पूररेषा आणि पाण्याचा साठा पाहिला गेला पाहिजे, आणि नव्या रहिवाशांकडून मिळणाऱ्या करातून आधी पाइप व मग कमान उभारली गेली पाहिजे. नगरपालिकेच्या जनतेशी संबंध असलेल्या कचेऱ्या आणि प्रभागाच्या सभा रविवारी भरवण्यास कोणती हरकत आहे? ज्या गावाचे नागरिक आठवड्यातून एकच दिवस गावात असतात, त्या गावाचा कारभार त्या दिवशी बंद असावा, ही विसंगती नव्हे काय?

आणि एवढे झाले, न झाले, तरी रहिवाशाने करावयाची एक गोष्ट उरतेच. घर घेताना तो सातबारा पाहतो, दस्त तपासतो, कर्जाचे हप्ते मोजतो. त्याच बरोबरीने मतदारयादीत नाव घालणे, वाचनालयाचे सभासद होणे, शेजारच्या पाड्यावरील शाळेत महिन्यातून एक रविवार देणे, हेही घर लावण्याचाच भाग आहे असे त्याने मानले पाहिजे. यांतील कोणत्याही गोष्टीला हजार तास लागत नाहीत. चाळीने त्याला हे शिकवलेले आहे. चाळीत जागा अपुरी होती, पण गणपतीची वर्गणी, पाण्याच्या नळाचे भांडण आणि शेजारच्या आजाऱ्याची रात्र या गोष्टी सर्वांच्या असत. मोठ्या जागेत येताना ही लहानशी चीज टेम्पोत चढवायची राहून गेली असेल, तर एक फेरी पुन्हा करून ती आणावी.

बदलापूर या नावाविषयी एक आख्यायिका सांगतात. घाट आणि सुरतेच्या वाटेवर शिवकालात येथे घोडे बदलत असत, म्हणून हे बदलापूर. आख्यायिकेत तथ्य किती, हे इतिहासकार पाहतील. परंतु घोडे बदलण्याच्या ठिकाणी स्वाराला गावाशी कर्तव्य नसते; त्याचे लक्ष पुढच्या वाटेवर असते, आणि गावालाही त्याच्या घोड्यापलीकडे त्याची ओळख नसते. आज हजारो कुटुंबे त्या वाटेने येत आहेत. त्यांनी येथे केवळ घोडा बदलावा की खोगीर उतरवून ठेवावे, याचा निर्णय काही अंशी सरकारच्या हाती आहे. काही अंशी तो त्यांच्या स्वतःच्याही हाती आहे, आणि तेवढ्या भागासाठी कोणत्याही मंजुरीची वाट पाहावी लागत नाही.